डोहाची साफसफाई

‘स्वच्छ’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. यावरून कुणाला वाटेल की बाईंच्या घरात जळमटं लोंबत असतील. तसं काही नाही, घर माझं लख्ख असतं. पण माझं सगळं आयुष्य ओढ्या-नाल्यांवर गेलं, आणि माणसांनी घाण करून त्यांचं जेवढं वाटोळं केलं नसेल, तेवढं साफसफाई करून केलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ज्या ओढ्याबद्दल लिहिते आहे तो करमाळा तालुक्यात सीनेला मिळतो. गावाचं नाव लिहिणार नाही. संपादकांनी दोनदा विचारलं, दोनदा मी दुसरंच काहीतरी बोलले. नाव सोडून बाकी काही झाकून ठेवत नाही.

मी मूळची सोलापूरची. नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि मागं शिवायला बसणाऱ्या मास्तरांशी तेलुगू असा आमचा कारभार. त्या घरातली पोरगी प्राणिशास्त्र शिकते काय, एका संस्थेत लागते काय आणि गुडघाभर चिखलात उभी राहते काय! आई शेवटपर्यंत मला ‘हुच्ची’ म्हणायची, म्हणजे वेडी. लग्नाकार्यात कुणी विचारलं, तुमची थोरली काय करते, की ती ‘सरकारी आहे’ असं सांगून पंगतीकडं बघायला लागायची. मी सरकारी कधीच नव्हते. पण ‘माझी मुलगी माशांना घर बांधून देते’ असं कुठल्या आईच्या तोंडून निघेल?

आता ते घर बांधून देणं म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळणार नाही.

माशाला चार गोष्टी लागतात. उन्हाळा काढायला खोल डोह. हवा खेळलेलं, दगडावरून खळाळत जाणारं पाणी. लपायला झाडाची मुळं, पाण्यात पडलेले ओंडके. आणि पावसाळ्यात अंडी घालायला उथळ, संथ, गवताळ पाणी. हे शेवटचं मिळतं कुठं, तर ओढा काठ सोडून बाहेर पसरतो तिथं. त्या पसरायच्या गाळाच्या सपाट जमिनीला आमच्याकडं मळई म्हणतात. मळई म्हणजे ओढ्याची बाळंतिणीची खोली.

मग दुष्काळाची वर्षं आली आणि गावोगाव पोकलेन आले. खोलीकरण, रुंदीकरण, पुनरुज्जीवन! नुसती नावं ऐकून छाती भरून यावी. प्रत्यक्षात काय केलं? वळणं काढून ओढा सरळ केला. डोह बुजले. काठची करंजं, उंबरं मुळासकट उपटली. खालच्या खडकापर्यंत उकरून निघालेली माती दोन्ही काठांवर डोंगरासारखी रचली, म्हणजे ओढा कितीही भरला तरी मळईवर जाणं बंद. बाळंतिणीची खोली कुलूप लावून टाकली. वाहता ओढा होता त्याचा खंदक झाला. पहिल्या पावसाला त्यात पाणी तुंबलं की त्याचा फोटो काढायचा, आणि फोटोच्या खाली पुढाऱ्याचं नाव. त्या पाण्यात जीव आहे का, हे बघायला कुणी वाकलं नाही. वाकायला वेळ कुणाला होता?

हे केलेलं उलटं करायचं, एवढंच माझं काम. मातीचे ढीग ठिकठिकाणी फोडून मळईची वाट मोकळी करायची. जुनं वळण शोधून ओढा परत त्यात घालायचा. दगड मांडून खळाळ तयार करायचा, डोहात ओंडके टाकायचे, काठावर वाळुंज आणि करंज लावायचं. सांगायला चार ओळी झाल्या, करता करता माझे केस पांढरे झाले.

गावचे सरपंच तात्या. तालमीतला गडी, आवाज असा की ओढ्यापलीकडच्या मेंढ्या उठून उभ्या राहाव्यात. मळईची जमीन बरीचशी त्यांचीच. त्यांची बहीण दिली होती अकलूजकडं. तिच्या सासरी अगदी पाण्याच्या काठापर्यंत ऊस, आणि तात्यांच्या डोळ्यांपुढं तोच ऊस डोलत होता. मी जाऊन म्हटलं, तात्या, तुमच्या रानात पूर येऊ द्यायचा आहे.

“मॅडम, लोक पूर हटवा म्हणून मोर्चे काढत्यात,” ते म्हणाले, “आन् तुमी त्याला जेवायला बोलवाया आलाय व्हय?”

पण माणूस मोकळा. गावात ऐकलेली त्यांच्या वडिलांची आठवण मी काढली. ओढ्याचं पाणी मळईवर चढायचं, ओसरायचं, आणि मागं राहिलेल्या गाळावर म्हातारबा शाळू पेरायचे. खत नाही, वरचं पाणी नाही, आणि कणसं ही एवढी. तात्यांना ते आठवत होतं. बरंच हो-नाही करून त्यांनी ढीग फोडू दिले. पहिल्याच पावसाळ्यात ओढा मळईवर चढून आला, बसला आणि निवांत निघून गेला. त्या गाळावरचा शाळू पुरुषभर वाढला तेव्हा तात्यांनी अकलूजच्या पाहुण्यांना मुद्दाम बोलावून हुरडा चारला. तेव्हापासून ओढा त्यांचा झाला. मी नुसती मॅडम.

दुसरी लढाई नबीलालशी. नबीलाल सोलापूरचा, पोकलेनवर त्याचा हात इतका बसलेला की बादलीच्या दातानं अंडं उचलेल. त्याची सगळी इज्जत सरळ रेषेत होती. मी चुन्याची फक्की टाकून वळण आखून दिलं तर त्यानं मशीनच बंद केलं. “मॅडम, ऐसा टेढा काम मेरे नाम पे नक्को,” म्हणाला. लोक बघतील आणि म्हणतील, नबीला सरळ पट्टा धरता येत नाही! मी त्याला गूळ घातलेला चहा पाजला, भुईवर काठीनं रेघ काढून समजावलं, की वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात जातं, तिथं काठ उभा राहतो आणि डोह खोल होतो. आतल्या अंगाला रेती बसते. शेवटी त्यानं केलं, आणि असं केलं की डोळ्यांचं पारणं फिटावं. पुढं दुसऱ्या तालुक्यातले ऑपरेटर आले तर हाच त्यांना ऐकवायचा, सरळ तो कोई भी करता.

गाजावाजा मात्र ओंडक्यांनी केला. मी पाण्यात लाकूड टाकते आहे हे बघून गावात माझ्या डोक्याची चौकशी सुरू झाली. आईचा शब्द करमाळ्यापर्यंत पोचला म्हणायचा. फेब्रुवारीत टाकलेले सगळे ओंडके मार्चमध्ये गायब. होळीला दुसऱ्याचं लाकूड पळवायचा तर हक्कच असतो, आणि ओढ्यात टाकलेलं लाकूड म्हणजे कुणाचंच नाही! माझ्या माशांची घरं होळीत धडधडत होती आणि लोक मलाच पुरणपोळीचा आग्रह करत होते. खाल्ली. रागात पुरणपोळी सोडून देण्याइतकी मी वेडी नाही. पुढच्या खेपेला ओंडके तारेनं बांधून, वर दगड रचून बुडवले.

आणि आता पारूकाकी. या गोष्टीत खरं काही पणाला लागलं असेल तर ते त्यांचं, म्हणून त्यांच्याबद्दल नीट सांगते. काकी भोई समाजातल्या. नवरा गेल्यापासून गळ आणि जाळं त्यांच्याच हातात. मासा करमाळ्याच्या बाजारात नेऊन विकायचा, त्यावर घर. खंदक झाल्यावर ओढ्यातला मासा संपला, आणि काकींना लांब उजनीच्या काठाला, परक्या लोकांच्या रांगेत उभं राहून मासा विकत आणावा लागायचा. भोयाच्या बाईनं मासा विकत घ्यायचा! ही गोष्ट त्या मला रागानं सांगायच्या, रडून कधीच नाही. म्हणून त्या मला आवडल्या.

त्यांच्या धंद्यात सगळ्यांत भारी मासा मरळ. पाण्याबाहेरही तास न् तास तगतो, त्यामुळं बाजारात जिवंत नेता येतो. मरळ नर-मादी मिळून पिल्लं सांभाळतात. गवतात गोल जागा साफ करून अंडी घालतात, आणि पिल्लं झाली की तांबड्या रंगाचा एक गोळाच पाण्यावर फिरताना दिसतो. खाली आई-बाप पहाऱ्याला. त्या तांबड्या गोळ्यात गळ सोडला की संरक्षणासाठी ते झेपावतात आणि दोन्ही सापडतात. मरळ धरायची याहून सोपी रीत नाही, आणि मरळ संपवायचीही. हे मला जसं ठाऊक होतं तसं काकींनाही. मी त्यांना म्हटलं, काकी, वळणावरच्या या एका डोहात पिल्लांवर गळ टाकू नका. वंश वाढू द्या. मग वरचा-खालचा सगळा ओढा तुमचाच आहे. काकींनी थोडा वेळ विचार केला आणि हो म्हणाल्या. कागद नाही, सही नाही.

दोन पावसाळे त्यांनी तो शब्द पाळला. डोहात पाणकणसाचं बेट वाढलं. उभ्या काठात वेड्या राघूंनी बिळं केली. खंड्या ओंडक्यावर ठाण मांडून बसायला लागला. तिसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, काकींनी मला हाताला धरून काठावर बसवलं आणि बोट दाखवलं. पाणकणसाच्या कडेनं तांबडा गोळा सरकत होता. तो नजरेआड होईपर्यंत आम्ही दोघी बायका बघत बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेला सन्मान कोणता, असं कुणी विचारलं तर तो हाच.

दुसरा सन्मान नशिबात होता तो असा. ओढ्याची कीर्ती वर पोचली आणि त्याच भाद्रपदात एक मोठे पाहुणे जलपूजनाला येणार असं ठरलं. सोबत माझा सत्कार. त्या दिवसांत आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी सोलापूरला होते. कार्यक्रमाच्या सकाळी एसटीनं पोचले. फाट्यापासूनच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र चुना मारलेले दगड ओळीनं मांडलेले. बघून मी हसलेसुद्धा. पुढं गेले, डोह दिसला, तेव्हा कळलं.

ते दगड माझ्या खळाळातले होते. पाण्यातून उचलून, पुसून, चुना फासून रस्त्याला लावले होते. डोहातलं पाणकणीस ओरबाडून काढलेलं. ओंडके तारा तोडून बाहेर. राघूंच्या बिळांचा उभा काठ जेसीबीनं उतरता करून, चोपून, वर रांगोळी काढलेली. वाळुंजाची रोपं उपटून त्या जागी कुंडीतली शोभेची झाडं. डोह कसला, लग्नाच्या हॉलपुढचा हौद वाटत होता. आणि मंडपाच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत माझंच नाव.

तात्या धावत आले. नवा फेटा, तोंडभर हसू. मी विचारलं, हे कुणी केलं. त्यांना वाटलं मी खूश आहे.

“म्या केलं की. पोरं खपल्यात नुसती. मॅडम, तुमचा सत्कार, आन् डोहात कुजकी लाकडं? पावणे काय म्हनतील?”

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. एवढं आठवतं की म्हटलं, तात्या, तुमच्या घरात पाळणा हलत असताना कुणी येऊन घर धुऊन काढलं, पाळण्यासकट, तर त्याला तुम्ही फेटा बांधाल का? तात्यांचं तोंड उतरलं. त्यांना खरोखर कळत नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. वैऱ्यानं केलं असतं तर भांडले असते. हे प्रेमानं केलं होतं.

मंडपामागं पारूकाकी बसल्या होत्या. मशीन आलं त्या दिवशी त्या आडव्या गेल्या होत्या. मावशी, बाजूला व्हा, काम चाललंय, असं म्हणून त्यांना हटवलं. काठावर फेकलेल्या पाणकणसाच्या ढिगात तांबडी पिल्लं तडफडत होती, ती त्यांनी घमेल्यात गोळा करून पाण्यात सोडली. पण आई-बाप नसताना ती पिल्लं किती टिकणार?

“जोडी कुठं गेली?” मी विचारलं.

“जेसीबीवाल्यांनी कालवण केलं,” काकी म्हणाल्या. “मलाबी बोलवलं जेवाया.”

दोन पावसाळे गळ आवरून बसलेल्या बाईला! राग तात्यांचा नाही, त्या मशीनवाल्यांचाही नाही. राग त्या रिवाजाचा आहे. आपल्याकडं मोठा माणूस येणार म्हटलं की झाडं छाटायची, दगडाला चुना फासायचा, जिवंत दिसेल ते खरवडून चकचकीत करायचं. रेस्ट हाऊसला फासा, शाळेच्या फाटकाला फासा, माझी हरकत नाही. वाहत्या पाण्याला कशाला? आणि ज्यांच्यासाठी हे करायचं, त्यातल्या एकानंही आजवर विचारलं नाही, की मी यायच्या आधी इथं काय होतं.

मला स्टेजवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला, माइक दिला. मी म्हटलं, “इथं समोर दिसतंय ते माझं काम नाही. माझं काम मंडपामागं काठावर वाळत पडलंय. जाताना तेवढं बघून जा.” आणि थांबले. मी थांबल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडं वक्ता थांबला की टाळी वाजवायची सवय आहे, काय बोलला याच्याशी तिचा संबंध नसतो. सूत्रसंचालकानं माइक घेतला आणि मॅडमच्या विनम्र भावना वगैरे सांगून टाकल्या.

मग मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम. कुठल्याशा केंद्रातून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हवा भरून आणलेली पिल्लं. ज्या डोहातून मासे उपसून फेकले, त्याच डोहात विकत आणलेले मासे सोडायचे, आणि कॅमेरे चारी बाजूंनी! फोटोत स्थानिक बाई हवी म्हणून काकींना पुढं ओढलं. पाहुण्यांनी पिशवी रिकामी केली, हात पुसले आणि मायेनं विचारलं, “काय मावशी, आता भरपूर मासे मिळणार की तुम्हाला?”

काकींनी पदर सावरला. “मासं व्हते की, सायेब,” त्या म्हणाल्या. “परवापतुर व्हते.”

पाहुणे हसले आणि गाडीकडं वळले. पण तात्या बाजूलाच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. फेट्याचा शेमला हातात धरून ते डोहाकडं बघत राहिले, आणि आभारप्रदर्शनाला त्यांचं नाव पुकारलं तरी हलले नाहीत.

त्यानंतर मी वर्षभर त्या गावात पाऊल टाकलं नाही. नबीलालचे फोन यायचे, मॅडम चलो, फिरसे बनाते. मी नको म्हणायचे. काकींसमोर कुठलं तोंड घेऊन जाणार होते? माझ्या शब्दावर त्यांनी गळ आवरला होता, आणि माझ्याच सत्काराच्या नावानं मरळीचं कालवण झालं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘ओढ्याला नवजीवन’ असा मथळा होता, तो मी चुलीत घातला.

पण मळईचे फोडलेले ढीग तसेच होते. मळईवर तात्यांचा शाळू पिकायचा, म्हणून तिथं कुणी साफसफाई केली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात ओढा दणकून आला. चोपलेला काठ आणि रांगोळीची जागा त्यानं एका पुरात खाऊन टाकली आणि काठ परत उभा केला. शोभेच्या कुंड्या सीनेला गेल्या. वरून दगड आले, झाडं आली. आणि एके दिवशी तात्यांचा फोन. सत्कारानंतरचा पहिला.

“मॅडम, भली मोठी बाभळ आडवी यिऊन पडलीय डोहात. काडू का?”

“हात लावू नका.”

“न्हाय. म्हनून तर इचारलं.”

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात काकींनी बोलावलं. मळईवर साचलेल्या पाण्यात, गवताच्या कडेनं, तांबडा गोळा फिरत होता. कुठून आली ही जोडी, सीनेतून वर चढून की कुठल्या डबक्यात तगून, कोण जाणे. आम्ही दोघी मागच्यासारख्याच बसलो. उठताना काकी म्हणाल्या, “आवंदा कुणाला सांगू नगा, मॅडम.”

आता तिथं पाहुणे आले, आणि अभ्यास दौरे, पाहणी पथकं येतातच, तर तात्या त्यांना रस्त्याच्या पुलावर उभं करतात. तिथं चुन्याचे दगड आहेत, फलक आहे. दगडांना दर दिवाळीला नवा चुना मारतात. फोटो होतात, चहा होतो. कुणी विचारलंच, पुढं वळणापलीकडं काय आहे, तर तात्या म्हणतात, “काय न्हाय सायेब, लई चिखल हाय. पाय भरतील.” पाहुणे समाधानानं परत जातात. ज्या माणसाला ओढा जगाला दाखवायची एवढी हौस होती, तो आता तो लपवत बसला आहे. आयुष्य घालवून मासे जगवायचा एकच खात्रीचा उपाय मला सापडला, तो म्हणजे ते आहेत हे कुणाला न सांगणं. याचं मला समाधान नाही. चीड येते.

संपादकांना गावाचं नाव हवं आहे, वाचकांना जाऊन बघता यावं म्हणून. वाचकहो, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुमच्या स्वागताची जी तयारी होईल, तिच्यावर नाही.